चतुःसीमेच्या चार सह्या

घर बांधायचं ठरलं की आमच्या गावातला माणूस आधी गवंड्याकडे जायचा, मग मुहूर्त काढायला गुरुजींकडे, आणि भिंती छातीएवढ्या आल्या की माझ्याकडे. "साहेब, जरा परवानगी पाहिजे होती." ही 'जरा' परवानगी देण्यात माझी उभी नोकरी गेली. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहानशा नगरपालिकेत मी नकाशे काढायला लागलो आणि नगररचनेचं टेबल सांभाळत निवृत्त झालो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं आता तिथं दुकानं चालवतात, आणि मला अजून तिकडे लग्नकार्याला जावं लागतं.

नगररचना म्हणजे काय, हे मला माझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी पटवता आलं नाही. गाव तर आधीच रचलेलं आहे, तुम्ही काय रचता, असं ते विचारायचे. तर पुढच्या वीस वर्षांत गाव कुठल्या अंगानं वाढावं, रस्ता कुठून जावा, शाळेला जागा कुठं ठेवावी, याचा एक मोठा नकाशा असतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. राहायची घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने तांबडे, शेती हिरवी. हे रंग मी स्वतः ब्रशनं भरले. भरून झाल्यावर गाव धुळवडीच्या संध्याकाळसारखं दिसायला लागलं. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावला त्या दिवशी बाजारासारखी गर्दी झाली. ज्याला त्याला आपापली जागा दाखवून पाहिजे. एका म्हाताऱ्यानं बोट ठेवून मला विचारलं, "माझं वावर हिरवं कामून? शेजाऱ्याचं पिवळं केलंत की. माझ्यावरच रंग संपला का?" त्याला माहीत होतं की पिवळ्यात प्लॉट पडतात आणि हिरव्यात फक्त तुरी. मला वाटलं होतं ही विद्या आमच्या खात्यापुरतीच आहे.

नकाशा झाला तरी काम पुढेच असायचं. नवं काही करायचं तर तीन टेबलं होती. जागा कुठल्या रंगात आहे हे मी सांगायचो, बांधकाम बरोबर आहे का हे ओव्हरसियर बघायचे, धंद्याचा परवाना बाजार विभाग द्यायचा. तिघेही एकाच व्हरांड्यात बसायचो आणि तिघेही म्हणायचो, आधी त्यांचा कागद आणा. बर्फकांडीचा कारखाना काढणारा एक उत्साही माणूस होता. त्यानं फाल्गुनात अर्ज दिला. तीन टेबलं फिरून त्याच्या हातात कागद पडला तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. तो कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आता यावर छत्री दुरुस्तीचं लिहून देता का?"

मला ते लागलं. मुख्याधिकाऱ्यांच्या मागे लागून मी बुधवारचं टेबल सुरू केलं. बुधवार बाजाराचा दिवस. त्या दिवशी आम्ही तिघांनी व्हरांड्यात एकच टेबल मांडायचं, अर्जदारानं बाकावर बसायचं, आमचा शिपाई गफूरभाई पुकारा करणार, आणि शक्य असेल तर त्याच बैठकीत निकाल. पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारनं एक खिडकी योजना आणली, तेव्हा मी घरी मिशीला पीळ दिला. आमच्याकडे खिडकी नव्हती, पण टेबल तर एक होतं.

लोकही काही कमी नव्हते. एकानं मळ्यालगत म्हशींच्या गोठ्याची परवानगी घेतली. महिन्याभरानं तपासणीला गेलो तर गोठ्याला काळे पडदे, आत ओळीनं खुर्च्या, पुढे व्हिडिओ. मी म्हणालो, "म्हशी खुर्चीवर बसतात का तुमच्या?" तो हात जोडून म्हणाला, "साहेब, म्हशी आणायच्याच हायेत. तवर खुर्च्या रिकाम्या कशाला ठिवायच्या म्हणून." त्याला दंड केला. एक पिक्चर मात्र मी अर्धा बघूनच निघालो, हे आता सांगायला हरकत नाही.

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, ती चतुःसीमेची. खरेदीखतात लिहिलेलं असतंच, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. एकदा पन्हळीच्या पाण्यावरून दोन शेजारी कुदळीचे दांडे घेऊन एकमेकांवर धावले आणि दोघेही माझी परवानगी हातात नाचवत कोर्टात गेले. तेव्हा मला युक्ती सुचली. अर्जाच्या पाठीमागे मधोमध प्लॉटचा चौकोन काढायचा आणि चारी बाजूंना चार रेघा. ज्या बाजूला जो शेजारी, त्यानं तिथं सही करायची की माझी हरकत नाही. एखाद्या बाजूला रस्ता असला तर तिकडची सही आमच्या ओव्हरसियरची, कारण रस्ता नगरपालिकेचा. भांडणं निम्म्यावर आली. सही मागायला गेलेला माणूस शेजाऱ्याकडे चहा पिऊन यायचा. मुख्याधिकाऱ्यांनी कौतुक केलं. परभणीला जिल्ह्याची बैठक होती तिथं मी नमुना दाखवला, तर शेजारच्या चार-पाच गावच्या बाबूंनी तो मागून नेला. परतीच्या गाडीला आमचं स्टेशन आलं तरी माझी छाती फुगलेलीच होती.

अशा एका बुधवारी धुरपताबाई आली.

वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं बारीक, हातात कापडी पिशवी. "जय भीम, सायेब." तिला नव्या वसाहतीत पिठाची गिरणी काढायची होती. वसाहत पिवळ्या रंगात, म्हणजे राहायच्या घरांची. पण ठरावीक ताकदीपर्यंतच्या मोटारीची गिरणी पिवळ्यातही चालते. खरं तर तिथं गिरणी व्हावी असं मलाच वाटत होतं. सगळ्या वसाहतीला दळण घेऊन जुन्या पेठेत जावं लागायचं, आणि ज्वारीचं पीठ काही महिन्याचं दळून ठेवता येत नाही, कडू होतं. मी खुशीत म्हणालो, "बाई, चांगलं काम काढलंत. मागच्या बाजूला सह्या आणा, पुढच्या बुधवारी परवाना घेऊन जा."

पुढच्या बुधवारी ती आली, कागद कोरा. त्याच्या पुढच्या बुधवारी तसाच. गफूरभाईला आमचा हुकूम होता की ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्यांना आधी पुकारायचं, म्हणजे काम भराभर उरकतं. त्यामुळे ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि दिवेलागणीला तिचा नंबर लागायचा. मी मनात म्हणायचो, बाई भांडकुदळ असणार, शेजाऱ्यांशी आधीच बिनसवून ठेवलेलं दिसतंय. चौथ्या बुधवारी मी जरा आवाज चढवला.

"बाई, तीन सह्या आणायला महिना लागतो का?"

"सायेब, रोज जायले मी," ती शांतपणे म्हणाली. "पूर्वेचे कोर्टातले पेशकारसाहेब म्हणायलेत चष्मा सापडंना. पश्चिमेचे दुकानदार म्हणायलेत नागपंचीम होऊ द्या. दक्षिणेचे गुर्जी घरात असून बायकू सांगती गावाला गेलेत. चहा बी इचारत न्हाईत अन् न्हाई बी म्हणत न्हाईत. हरकत कुणाचीच न्हाई, सायेब. सही बी कुणाचीच न्हाई."

मी म्हणालो, "पण सह्यांशिवाय मी काय करणार?"

तिनं कागद टेबलावर पालथा केला आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "उत्तरंला रस्ता हाय. चौथी सही तर तुमचीच हाय की. ती बी कुठं झालीय?"

आमची पद्धत होती, बाकीच्या तिन्ही सह्या झाल्याशिवाय आपण करायची नाही. म्हणजे तिच्या चार शेजाऱ्यांपैकी एक आम्हीच होतो, आणि आम्हीही तेच करत होतो जे बाकीचे तिघे करत होते. चष्मा तेवढा आमच्या नाकावर होता.

तिला गिरणीच का पाहिजे होती, हे मी त्या दिवशी विचारलं. आधीच विचारायला पाहिजे होतं. नामांतराच्या दंगलीत तिचं खेड्यातलं घर जळालं. नवरा-बायको नेसत्या कपड्यांवर इकडे आले. नवरा जिनिंगमध्ये मोटारी दुरुस्त करायला शिकला. आता नोकरी सोडून त्यानं जुनी मोटार आणि जात्याचे दगड आणले होते. ते सगळं प्लॉटवर गोणपाटाखाली पडलं होतं, वर पावसाळा चाललेला, आणि विजेच्या जोडणीची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. ती टळली की पुन्हा पहिल्यापासून. "सायेब, आमच्या गावात गिरणी व्हती," ती म्हणाली. "आमी सकाळी डबा घिऊन जायचो. समद्यांचं दळून झालं की मग आमचं. मधी कुणी आलं की त्याचं आधी. लाईट गेली तर आमचं ऱ्हायलं. लेकरं उपाशी निजलीत माझी, डब्यात जवारी असून. माझ्या गिरणीत जो आधी येईल त्याचं आधी. कुणी का आसंना."

ती गेल्यावर गफूरभाई पाण्याचा ग्लास घेऊन आले. निजामाच्या काळापासून कचेरीत असलेला माणूस; साहेब बदलायचे, गफूरभाई तेच. म्हणाले, "साब, बुरा नक्को मानो. ये चार दस्तखत का कायदा कौनसी किताब में है?"

"नियमात आहे," मी तडकून म्हणालो.

"हौ, मगर कौनसे?"

त्यांना दाखवावं म्हणून मी नियमांचं पुस्तक काढलं. पान पान चाळलं. परिपत्रकांची फाइल चाळली. आमच्या अर्जाच्या तळाशी टायपिस्टनं ठळक छापलं होतं, 'नियमानुसार चतुःसीमेच्या सह्या आवश्यक'. नियम कुठला ते कुठंच नव्हतं. अर्धा तास शोधल्यावर माझ्या लक्षात आलं की मी जे शोधतोय ते मीच लिहिलेलं आहे. पाच-सहा वर्षांत माझी युक्ती सगळ्यांच्या तोंडी 'नियम' झाली होती, आणि त्या सगळ्यांत मीही होतो. खऱ्या नियमात एवढंच होतं की गिरणीसारखा धंदा असेल तर जागेवर नोटीस लावावी, आणि कुणाची हरकत असल्यास त्यानं पंधरा दिवसांत कारणासह लेखी द्यावी. मला फार लाज वाटली. गफूरभाई पुस्तकावरची धूळ तेवढी पुसून गेले.

मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. "नियम नाही हे मलाही माहीत आहे. पण पद्धत पडली आहे ना? पेशकारसाहेब म्हणजे गावातला वजनदार माणूस. उद्या ते वर लिहितील, मग?"

"ते लिहितील तर चांगलंच," मी म्हणालो. "लिहावंच लागेल त्यांना. आतापर्यंत काही न लिहिता त्यांचं काम होत होतं."

साहेबांनी बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटली आणि मग नोटिशीवर सही केली. माणूस भित्रा होता, पण वाईट नव्हता. त्याच दिवशी मी अर्जाच्या मागचा चौकोन रद्द केला, जागेवर नोटीस डकवली आणि दवंडी पिटवली: वसाहतीत पिठाची गिरणी होणार आहे, ज्याची हरकत असेल त्यानं नावानिशी, कारणासह लिहून द्यावं. पंधराव्या दिवसानंतर महिना संपायला दोनच दिवस उरत होते. एक जरी खरी हरकत आली असती तर सुनावणी, आणि सुनावणीत जोडणीची मुदत गेली असती.

चौदा दिवस कुणी फिरकलं नाही. पंधराव्या दिवशी दुपारी पेशकारसाहेब आले. पांढरी शेरवानी, हातात काठी, नाकावर चष्मा. चष्मा सापडला होता तर. धुरपताबाई बाकावर बसलेली होती. तिनं पदर सावरला, पण ती उभी राहिली नाही.

"हरकत नोंदवायचीय," ते म्हणाले. मी कागद पुढे केला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, नाव लिहिलं, वळणदार अक्षरात पत्ता लिहिला, आणि 'हरकतीचे कारण' या रकान्याशी हात थांबला.

"इथं काय लिहायचं?"

"जे कारण असेल ते, साहेब."

"जे असेल ते," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांची सगळी उमर कोर्टात दुसऱ्यांचे जबाब लिहिण्यात गेली होती. कागदावर उतरलेल्या ओळीचं पुढे काय होतं, हे त्यांच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. एकदा त्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती, रागानं नाही, आता हे काय लिहितात ते बघावं अशी. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: 'दुपारी एक ते चार माझी झोपेची वेळ असते. त्या वेळेत गिरणी बंद असावी. अन्य हरकत नाही.'

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. धुरपताबाई पहिल्यांदा हसली. "निजा की खुशाल. दुपारची लाईट तरी कुठं असती आपल्याकडं?"

पेशकारसाहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. ते उठून गेले. आम्ही ती अट घालून तिथल्या तिथं परवाना लिहिला, ओव्हरसियरनं सगळ्यांच्या आधी सही केली, आणि जोडणी मुदतीच्या आत मिळाली. त्या संध्याकाळी मी घरी इतका आनंदात गेलो की बायकोनं विचारलं, बढती मिळाली का.

इथं थांबलो असतो तर माझी गोष्ट फार शोभून दिसली असती. पण खरं ते लिहायचं ठरवलंय. गिरणी सुरू झाली आणि पहिला आठवडाभर कुणी दळण आणलं नाही. मी कचेरीतून येताना बघायचो, तिचा नवरा मोटार पुसत बसलेला असायचा. आणि माझ्या घरचा डबा? तो जुन्या पेठेतल्या गिरणीतच जात होता. आई घरात होती, तिला काय वाटेल, असं बायको म्हणाली. बायको काय म्हणेल, असं मी मनात म्हणालो. आईला कुणी विचारलंच नाही. परवाना मी दिला होता आणि सही टाळणाऱ्यांच्या यादीत पुन्हा मीच होतो. हे आठवलं की आजही जेवताना घास फिरतो.

कोंडी फोडली ती पेशकारसाहेबांच्या सुनेनं. घरी पाहुणे आले, पीठ संपलेलं, आणि भिंतीपलीकडे गिरणी. ती डबा घेऊन आली, तो पाठोपाठ गुरुजींच्या घरचा आला, मग दुकानदाराचा. लोकांना बहुधा कुणीतरी आधी जायला पाहिजे होतं. महिन्याभरात दारापासून रस्त्यापर्यंत डब्यांची रांग लागायला लागली. मला तो रस्ता नकाशात जरा रुंद धरायला पाहिजे होता.

माझा नमुना घेऊन गेलेल्या गावांना मी पत्रं लिहिली की तो चौकोन काढून टाका. दोन ठिकाणांहून उत्तर आलं. बाकीच्या ठिकाणी माझा शहाणपणा किती वर्षं चालला आणि कितीजणांना त्यानं दारोदार फिरवलं, कुणास ठाऊक. नामांतर झाल्याची बातमी आली त्या दिवशी धुरपताबाईनं पहिल्यांदा कामाच्या दिवशी गिरणी बंद ठेवली आणि सगळ्या वसाहतीत साखर वाटली. पेशकारसाहेब तेव्हा नव्हते, पण त्यांच्या सुनेनं ती ओंजळीत घेतली. पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो दिवस त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

सुनेनं डबा नेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी मी आईला सरळ विचारलं. ती म्हणाली, "भाकरी खायची का गिरणी?" मी ज्वारीचा डबा सायकलला लावला आणि गेलो. पाच-सहा डबे माझ्या आधी होते. जुन्या पेठेत माझा डबा दिसला की गिरणीवाला तो उचलून आत घ्यायचा, मी कधी सांगितलं नव्हतं आणि कधी नकोही म्हटलं नव्हतं. इथंही मी सवयीनं डबा घेऊन थेट आत गेलो.

धुरपताबाई पिठानं पांढरी झाली होती, भुवयासुद्धा. पट्ट्याच्या आवाजात तिनं ओरडून सांगितलं, "आलात सायेब? डबा रांगंत ठिवा. बसा."

एक पोतं झाडून तिनं दाराशी अंथरलं. त्यात टोमणा नव्हता, मी नीट बघितलं. मी डबा सगळ्यात मागे ठेवला आणि बसलो. तिनं व्हरांड्यातल्या बाकावर काढलेले बुधवार आठवत बसलो. गिरणीचा नाद पायाखालच्या फरशीतून वर येत होता, गरम पिठाचा वास होता, आणि मला मनापासून बरं वाटत होतं. माझ्या मागून एक म्हातारी आली, तिनं तिचा डबा माझ्या डब्याला खेटून ठेवला आणि मला म्हणाली, "लक्ष ठिव रे बाबा, आलेच." मी मान डोलावली.

नंबर आला. धुरपताबाईनं खाली वाकून डबा उचलला आणि बाहेर बघून हाक दिली, "हिरव्या झाकनाचा डबा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो आणि उठलो.